मागच्या दारची बोअर

"मला काही सांगायचं नाही," फाटकाची कडी काढता काढताच काकू म्हणाल्या. "माती न्या, पाणी न्या, अंगणाची चाळण करा. पण काय सापडलं ते माझ्या कानावर येता कामा नये. वकिलानं बजावून ठेवलंय."

मी मान डोलावली. आमच्या धंद्यात हे नवीन नाही. कुणी जुना कारखाना, गॅरेज, छापखाना विकत घ्यायला निघाला की सौदा पक्का होण्याआधी आम्हाला बोलावतो. दादा मशीननं जमिनीत भोकं पाडतो, मी खालची माती आणि पाणी बाटल्यांत भरून प्रयोगशाळेत पाठवते, आणि आधीच्यांनी जमिनीत काय काय मुरवून ठेवलंय ते बाहेर येतं. जो आम्हाला बोलावतो त्यालाच अहवाल. विकणारा बहुतेक वेळा कानात बोटं घालून बसतो, कारण एकदा कळलं की पुढच्या गिऱ्हाइकाला सांगणं भाग पडतं. कळलंच नाही तर लपवलं असं कोण म्हणणार? मला या प्रकाराची पहिल्यापासून चीड आहे. पण चीड येऊन करते काय, आम्हीही सही करूनच आत येतो. जे दिसेल ते फक्त गिऱ्हाइकाला, बाकीच्यांसमोर तोंडाला कुलूप.

"आपला धंदा भोकं पाडायचा आणि तोंड शिवायचा," असं दादा म्हणतो. दादा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ. मला लहानपणापासून मिरची म्हणतो, आणि माझे केस पांढरे झाले तरी त्याला त्यात बदल करावासा वाटलेला नाही. मशीन त्याचं, मीटर आणि बाटल्या माझ्या, आणि भांडणं दोघांची.

जागा जुन्या ड्रायक्लीनिंगची होती. पुढे दुकान, त्यात लाकडी काउंटर आणि छताला लटकणारी लांब नळी, तिच्यावर रिकामे हँगर. त्याच्या मागे मशीनची खोली. मशीन कधीच भंगारात गेलं होतं, पण फरशीवर त्याच्या पायांचे खड्डे तसेच होते. त्याच्या मागे दोन खोल्यांचं घर, आणि घरामागे अंगण. काका गेल्यावर धंदा बंद पडला. आता काकू, त्यांची लेक आणि लेकीची काही महिन्यांची पोर, एवढीच माणसं. जावई दूर कुठेतरी नोकरीला. जागा विकायची, त्याच्या गावी छोटं घर घ्यायचं आणि सगळ्यांनी एकत्र राहायचं, असा काकूंचा बेत. हे सगळं त्यांनी आम्हाला मशीन ट्रकमधून उतरायच्या आत सांगितलं. सांगू नका म्हणणारी माणसं स्वतः बोलायला लागली की थांबत नाहीत.

घेणारा होता एक गोदामवाला. त्याला आम्ही साहेब म्हणतो, कारण आमची निम्म्याहून जास्त कामं त्याच्याकडून येतात. त्याला हे सगळं पाडून माल साठवायला पत्र्याची शेड टाकायची होती.

काकूंनी चहा आणला. दादानं दोन कप घेतले आणि पाण्याची तारीफ केली.

"घरचं पाणी आहे," काकू खूश होऊन म्हणाल्या. "मागच्या दारची बोअर. ह्यांनी लग्नाच्या वर्षी मारून घेतली. गल्लीत सगळ्यांकडे सरकारी नळ आले, आम्ही घेतलाच नाही. असलं पाणी सोडून नळाचं कोण पिणार?"

मीही एक कप प्यायले. चहा चांगला होता, खोटं कशाला बोलू.

पहिली दोन भोकं पुढच्या बाजूला घेतली. दादाचं मशीन एक पोलादी नळी ठोकत ठोकत खाली नेतं आणि तिच्यातून मातीची लांब कांडी वर येते. मी ती कांडी टेबलावर उभी चिरते, वरपासून खालपर्यंत मीटर फिरवते. मीटरला एक चोच आहे, तिनं ते हवा ओढून घेतं आणि रसायनाची वाफ असली की आकडा दाखवतं. दादा त्याला हुंग्या म्हणतो. दोन्ही कांड्यांवर हुंग्या गप्प. तांबूस माती, मग वाळू, मग पिवळी चिकणमाती. दादा शीळ घालायला लागला. साहेबाचं काम लवकर आटपलं की दादाला शीळ सुचते.

तिसरं भोक मागे, कुंपणाजवळ घ्यायचं होतं. अंगण बाकी सगळं गवतानं भरलेलं, पण कुंपणाच्या कडेनं एक पट्टा नुसता उघडा. भाकड, काळपट, एक काडी उगवलेली नाही. मी तिथं थांबले.

"इथं काही टाकत होता का काकू?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"मशीनचा गाळ," त्या म्हणाल्या. "रोज संध्याकाळी ह्यांची मशीन झाली की बादलीभर निघायचा. मीच ओतायचे. सगळेच धुलाईवाले असंच करायचे हो. गवताचं पातं येत नाही बघा. शेजारी दरवर्षी औषध मारतात, आम्हाला कधी लागलंच नाही."

अभिमानानं सांगत होत्या. मला त्यांच्याकडे बघवेना. दादानं शीळ थांबवली आणि मशीन सुरू केलं.

कांडी वर आली तेव्हा मला मीटर लावायचीही गरज नव्हती. ड्रायक्लीन करून कपाटात ठेवलेल्या कोटाला येतो तसला गोडसर वास नाकात घुसला. तरी चोच लावली. हुंग्यानं पहिल्यांदा बारीक पीप केलं, मग लांब, मग तो थांबेचना. आकडा चढत चढत इतका गेला की मी मीटर बंद करून पुन्हा चालू केलं, कारण कधीकधी ते वेड्यासारखं करतं. पुन्हा तेच. चिकणमातीच्या अगदी वर ओलं, तेलकट, चकाकणारं काहीतरी साचलं होतं.

"दादा, थांब. याच्या खाली एक बोटभरही जाऊ नकोस."

"मला शिकवतेस?" तो म्हणाला, पण हात त्यानं आधीच काढला होता. हे रसायन पाण्याहून जड. ते बुडतं, चिकणमातीवर येऊन टेकतं आणि उताराकडे सरकतं. चिकणमातीत भोक पडलं की सरळ खालच्या पाण्यात. म्हणून तिथं थांबायचं असतं.

मी उतार कुठे आहे ते बघितलं. कुंपणापासून अंगण घराकडे उतरत होतं. आणि मागच्या दाराला लागून, सिमेंटच्या छोट्या चौथऱ्यावर, लोखंडी टोपण घातलेली बोअर होती. काकांनी लग्नाच्या वर्षी मारलेली, चिकणमातीला आरपार भोक पाडून.

मी हातमोजे काढले.

साहेबाला फोन लावला. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. आकडा दोनदा विचारला.

"मग संपलं," तो म्हणाला. "पुढची भोकं घेऊ नका. पाडलेली बुजवा आणि निघा. मी उद्या सौद्यातून अंग काढून घेतो. कारण विचारलं तर आमचं अंतर्गत कारण."

"साहेब, घरात माणसं राहतात. बोअरचं पाणी पितात."

"बोअर तपासायचं काम मी तुम्हाला दिलंय का?"

"नाही."

"मग तुम्हाला काही माहीत नाही. आणि मलाही नाही. बाईनं स्वतः लिहून दिलंय, मला सांगू नका म्हणून. तुमची सही आहे, माझी सही आहे. उगाच नसत्या भानगडीत पडू नका, पुढच्या महिन्यात दोन मोठ्या जागा आहेत."

फोन ठेवला तेव्हा माझे कान तापले होते. दादा हात पुसत जवळ आला.

"काय म्हणाला?"

"गप्प बसा म्हणाला."

"मग गप्प बस."

"दादा, तू चहा प्यालास ना? मी प्याले ना? आपण एक दिवस प्यालो. ती माणसं रोज पितात."

"मिरचे, ऐक. बोअरच्या पाण्यात काही आहे हे तुला माहीत नाही. तुला वाटतंय. वाटतंय म्हणून तू बोललीस, आणि साहेबाला कळलं, तर हा तर गेलाच, पण उद्या कुठल्याच फाटकातून आपल्याला आत घेणार नाहीत. हे लोक तोंडाची खात्री बघून बोलावतात."

खरं होतं. म्हणूनच मला जास्त राग आला. दादा बरोबर असला की मला त्याचं तोंड बघवत नाही.

"ठीक आहे," मी म्हणाले. "मग माहीत करून घेते."

हात धुवायचं निमित्त करून मी स्वयंपाकघरात गेले. अरुंद खोली. एका बाजूला ओटा, त्यावर झाकलेला पाण्याचा हंडा, खिडकीला अर्धा पडदा, आणि कोपऱ्यात पाळण्यात पोर झोपलेली. लेक ओट्याशी उभी होती. तिशीच्या आतली, अबोल, केस वर बांधलेले. तिनं मोटरचं बटण दाबलं, नळ धो धो वाहिला, आणि तिनं माझ्या हातात साबण दिला. पाणी गार होतं, स्वच्छ होतं. ओंजळ नाकाशी नेली तर पुसटसा काहीतरी वास, की माझ्याच हाताला लागलेला, सांगता येईना.

"मला एक बरणीभर देशील? मशीनला लागतं," मी म्हणाले.

तिनं भरून दिलं. बाहेर ट्रकच्या आडोशाला जाऊन मी अर्धं ओतून टाकलं, बरणीच्या तोंडावर चांदीचा कागद घट्ट लावला, खूप हलवली आणि उन्हात ठेवली. असं केलं की पाण्यातलं रसायन वरच्या रिकाम्या जागेत येतं. मग कागदाला चोच टोचायची. मी टोचली. एक क्षण काहीच नाही. मला वाटलं, सुटलो. मनातल्या मनात दादाची माफीसुद्धा मागितली.

मग हुंग्या बोलला.

दादा माझ्यामागे येऊन उभा होता. त्यानं आकडा बघितला. चेहऱ्यावरची रेष हलली नाही, पण त्यानं एकदम थुंकी टाकली, सकाळचा चहा अजून तोंडात असल्यासारखी.

"आता माहीत झालं," मी म्हणाले.

"सरकारी कचेरीत निनावी पत्र टाक."

"आणि ते कधी येणार?"

"ती पोर कॉलेजात जाईल तेव्हा," तो म्हणाला, आणि स्वतःच्याच बोलण्यावर हसला नाही.

मी पुन्हा आत गेले. लेक दुधाची बाटली तयार करत होती. हंड्यातलं पाणी कोमट करून घेतलं होतं, भुकटी टाकली होती आणि बाटली दोन हातांमध्ये धरून हलवत होती.

"भूक लागली असेल हिला," मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले.

"हिला भुकेचंही कळत नाही हो ताई. उठवून पाजावं लागतं. इतकी शांत आहे, दिवसभर झोपून असते. सगळे म्हणतात, नशीबवान आहेस."

या रसायनानं गुंगी येते. पोरं झोपतात, मला कळतं. माझी दोन मोठी केलीत मी. शांत पोर असू शकते. पण मला ते वाक्य सहन झालं नाही. मी ओट्याकडे वळल्याचं सोंग केलं आणि माझं कोपर बाटलीला लागलं. बाटली खाली, दूध फरशीवर.

"माझं मेलीचं लक्षच नसतं," मी म्हणाले.

"असू दे ताई," ती म्हणाली, आणि फडका घेऊन पुसायला बसली. पुसून उठली आणि हंड्यात पुन्हा भांडं बुडवलं.

दादा, सही, साहेब, सगळं एका बाजूला राहिलं.

"ते पाणी पाजू नकोस," मी म्हणाले.

तिचा हात थांबला. दारातून काकू आत आल्या. त्यांनी ऐकलं होतं.

"काय म्हणालात?"

"काकू, या बोअरच्या पाण्यात तुमच्या मशीनचं रसायन उतरलंय. मी आत्ता बघितलं. कुणीच पिऊ नका, आणि हिला तर थेंब देऊ नका. शेजाऱ्यांच्या नळाचं आणा, विकत आणा, पण हे नको."

काकूंचा चेहरा आधी कोरा झाला. मग त्यांनी खरोखरच हात कानांवर नेले, अर्ध्यात थांबवले आणि कमरेवर ठेवले.

"मी सकाळी काय सांगितलं होतं? मला सांगायचं नाही."

"जमिनीचं सांगत नाही. पाण्याचं सांगतेय."

"एकच ते. भाव पाडायला आलात. सगळे असंच करतात. मागच्या वेळचा आला तर म्हणाला भिंतीला ओल आहे, त्याच्या आधीचा म्हणाला गल्ली अरुंद आहे. आणि तुम्ही तर माझ्या पाण्यालाच नावं ठेवता. मी पस्तीस वर्षं हेच पाणी पितेय. ही याच पाण्यावर वाढली. काय झालं आम्हाला?"

"काकू, तुमचा सौदा आता व्हायचाच नाही. भाव पाडून मला काय मिळणार?"

हे बोलायला नको होतं. मला बोलल्यावर कळलं. बाईच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच्याबरोबर राग.

"म्हणजे तुम्हीच त्याला फोन केलात. तुम्हीच मोडलात. सकाळी माझ्या हातचा चहा प्यालात, आणि माझंच घर मोडून बसलात. माझ्या लेकीला तिच्या नवऱ्याजवळ राहायचं होतं, एवढंच माझं मागणं. बाहेर व्हा. भोकं बुजवा आणि चालते व्हा."

मी लेकीकडे बघितलं. ती आईकडे बघत होती, मग माझ्याकडे, मग पाळण्याकडे. मला वाटलं आता ही काहीतरी बोलेल. तिनं मान खाली घातली. काकूंनी तिच्या हातातलं भांडं घेतलं, स्वतः दूध कालवलं, पोरीला उचललं आणि बाटली तिच्या तोंडात दिली. माझ्याकडे बघत दिली. मी दारातच उभी होते.

"जा म्हटलं ना," त्या म्हणाल्या.

बाहेर आले तर दादा खिडकीसमोर उभा होता. अर्ध्या पडद्याच्या वरून त्याला सगळं दिसलं होतं. मला वाटलं तो मला फाडून खाईल. मी तयारच होते. पण तो नुसता वळला.

"बाटल्या भर," तो म्हणाला. "मी बुजवायला घेतो."

मी बाटल्या बर्फाच्या पेटीत ठेवायला लागले. झाकणं नीट बसेनात. मी स्वतःवर चिडले होते, काकूंवर चिडले होते, आणि त्या मेलेल्या काकांवरही. सगळ्यात जास्त चीड याची की मी खरं बोलले आणि त्याचा काडीचाही उपयोग झाला नाही. उलट आता त्या हट्टानं पाजतील.

काम संपलं की पाडलेलं प्रत्येक भोक बुजवावं लागतं, नाहीतर वरची घाण त्यातून खाली उतरते. त्यासाठी आम्ही सिमेंट आणि चिकणमाती पाण्यात कालवून रबडा करतो, पंपानं नळीतून भोकात सोडतो, तळापासून वरपर्यंत. एकदा घट्ट झालं की दगड. दादानं पुढची दोन भोकं बुजवली. मग कुंपणाजवळचं, ते तर त्यानं दोनदा दाबून भरलं. साहेबानं काम मध्येच थांबवल्यामुळे पोती बरीच उरली होती. मला वाटलं तो आता नळ्या धुवायला घेईल.

त्यानं उरलेली पोतीही एकेक करून फोडली.

तो खाली मान घालून कालवत राहिला, जास्त पाणी, मग जास्त सिमेंट, फावड्यानं नीट घोळवून. मग नळी खांद्यावर घेतली आणि घराच्या दिशेनं चालायला लागला. चौथऱ्याशी जाऊन बसला. खिशातून पाना काढला आणि बोअरच्या लोखंडी टोपणाचे नट सोडवायला लागला.

स्वयंपाकघराचं दार दोन हातांवर होतं. आतून काकूंचा आवाज येत होता, फोनवर कुणालातरी आमच्याबद्दल सांगत होत्या. एक नट गंजलेला होता, सुटेना. दादानं पान्यावर सगळं अंग टाकलं. करकर आवाज झाला आणि आतला आवाज थांबला.

मी मशीन चालू केलं. कशासाठी ते मलाही माहीत नव्हतं, ठोकायला काही नव्हतंच. नुसतं धडधडत ठेवलं. थोड्या वेळानं आतून फोनवरचं बोलणं पुन्हा सुरू झालं, आवाज चढवून.

टोपण सरकलं. दादानं आतली नळी आणि वायर बाजूला सारली आणि आमची नळी खाली सोडायला लागला, हात हात, हात हात, तळ लागेपर्यंत. मग माझ्याकडे बघितलं. चालू कर, असं तो म्हणाला नाही. आमच्यात ते बोलावं लागत नाही. मी पंपाचं बटण दाबलं.

नळी ताठ झाली आणि रबडा खाली जायला लागला. आयुष्यात मला पंप इतका हळू वाटला नव्हता. दादा बसून होता, एक हात नळीवर, बोटांनी भरणं जोखत. मी दाराकडे बघत होते. मनात म्हणत होते, नका येऊ, काकू, आत्ता नका येऊ, अजून थोडं. आणि त्याच वेळी मला लाजही वाटत होती. माणसाच्या घरचं पाणी तोडायचं म्हणजे काय, हे मला कळत नव्हतं असं नाही.

शेवटी बोअरच्या तोंडाशी करडा रबडा दिसायला लागला. दादानं नळी काढली, टोपण पुन्हा ठेवलं, नट घट्ट केले. उगाचच. मग उठून उभा राहिला आणि हात पुसलेसुद्धा नाहीत.

आम्ही पळून जाऊ शकलो असतो. मी म्हणालेही, "चल." तो म्हणाला, "थांब. त्यांना पाणी लागेल."

आतून मोटरचं बटण दाबल्याचा आवाज आला. मोटर गुरगुरली, अडली, पुन्हा गुरगुरली आणि बंद पडली. नळ खोकला. मग लेकीची हाक, "आई, नळाला चिखल येतोय." मग काकू दारात.

त्यांनी चौथऱ्यावर सांडलेलं सिमेंट बघितलं. दादाचे करडे हात बघितले. समजायला थोडा वेळ लागला.

"काय केलंत हे?"

"चुकलं काकू," दादा म्हणाला. "भोक चुकलं. आमचं समजून तुमचं भरलं."

माझा भाऊ मशीनवर बसायला लागला तेव्हापासून मी त्याचं काम बघतेय. तो चुकला नव्हता. काकू मात्र त्याला ओळखत नव्हत्या. त्यांनी तोंड सोडलं. आंधळा म्हणाल्या, दारू पिऊन काम करता म्हणाल्या, आधी सौदा मोडला आणि आता पाणी तोडलंत म्हणाल्या, तुमच्या घरी पोरंबाळं आहेत की नाही म्हणाल्या. गल्लीतली माणसं कुंपणाशी जमली. दादा मान खाली घालून उभा. प्रत्येक वाक्याला नुसतं "हो" म्हणत होता. माझ्या खिशात साहेबाचा फोन वाजायला लागला. काकूंच्या वकिलानं त्याला गाठलं असणार. मी उचलला नाही. पुढच्या महिन्यातल्या दोन मोठ्या जागांवर मी तेव्हाच पाणी सोडलं.

"सरकारी नळ आम्ही जोडून देतो," दादा म्हणाला. "आमच्या खर्चानं. उद्याच अर्ज टाकतो. तोवर पाणी मी आणून देईन."

"तुझं पाणी कुणाला हवंय रे," काकू म्हणाल्या, आणि रडायला लागल्या.

दादा गेला आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून बंद पाण्याचे मोठे कॅन आणले, दोन्ही खांद्यांवर एकेक. त्याच्या गुडघ्याचं दुखणं मला ठाऊक आहे. काकू दार अडवून उभ्या होत्या. आत पोर उठली होती आणि पहिल्यांदाच रडत होती, बारीक, चिरक्या आवाजात. लेक मागून आली, आईच्या खांद्याला हात लावून तिला बाजूला केलं आणि दादाला आत घेतलं.

तिनं कॅनचं झाकण फोडलं. त्या पाण्यानं बाटली धुतली, बूच धुतलं, पुन्हा धुतलं. दूध तयार केलं. पोरीच्या तोंडात दिलं. मग एका हातानं तिला छातीशी धरून दुसऱ्या हातानं तिनं ओट्यावरचा अर्धा भरलेला हंडा ओढला आणि मोरीत पालथा केला. आईकडे तिनं बघितलं नाही. आमच्याकडेही नाही.

काकू दारातून ते बघत होत्या. मग पुन्हा सुरू झाल्या, आधीपेक्षा जोरात. चांडाळ म्हणाल्या, माझ्या नातीच्या तोंडचं पाणी काढलंत म्हणाल्या, देव तुम्हाला बघून घेईल म्हणाल्या. दादा "हो काकू" म्हणत राहिला. मला कुणी अर्धा शब्द बोललेलं खपत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. पण पोर दूध पीत होती, आणि ती बाटली रिकामी होईपर्यंत मी त्या बाईच्या शिव्या खाली मान घालून ऐकत उभी राहिले.